झाडूगाडी

त्या सहलीला मी गेले ती आईच्या सांगण्यावरून. नाहीतर जुन्या गाड्या आणि त्यांच्यापायी वेडी झालेली माणसं, यांच्याशी माझा काय संबंध? मी दवाखान्यात लोकांचे कान तपासते. माणसाला बंद खोलीत बसवायचं, कानाला यंत्र लावायचं आणि विचारायचं, आता ऐकू येतंय का? आता? एवढंच माझं काम.

आई म्हणाली, "तू जाऊन ये. ती जागा एकदा बघून ये. माझे गुडघे चालत असते तर मीच गेले असते."

ती जागा म्हणजे माझी ताई जिथे सापडली ती.

आदल्या वर्षी याच क्लबच्या याच सहलीत ताई हरवली होती. जुन्या गाड्या जिवापाड जपणाऱ्या लोकांचा हा क्लब. वर्षातून एकदा सगळे आपापली गाडी आरशासारखी पुसून निघतात. शहरातून वर माळावर, माळ ओलांडून पलीकडे समुद्राकडे, दीपगृहापाशी जेवण आणि अंधाराच्या आत घरी. भाऊजींचं, म्हणजे ताईच्या नवऱ्याचं म्हणणं असं, की माळावर फुलं बघायला ताई हट्टानं उतरली. 'तुम्ही व्हा पुढे, मी झाडूगाडीतून येते' म्हणाली. झाडूगाडी म्हणजे ताफ्यातली सगळ्यात शेवटची गाडी. कोणाची गाडी बंद पडली, कोणी मागे राहिलं, तर त्यांना झाडून गोळा करून आणायचं, म्हणून ते नाव. झाडूगाडी दीपगृहापाशी पोचली तेव्हा तीत ताई नव्हती. बऱ्याच दिवसांनी ती सापडली, रस्त्यापासून आत, दलदलीत. पोलिसांनी अपघात म्हणून प्रकरण मिटवलं.

ताई फुलांसाठी गाडीतून उतरणारी नव्हती. फुलांनी तिला शिंका यायच्या. लग्नात तिने गळ्यात हार घातला तो नाकाला रुमाल लावून. हे मी पोलिसांना सांगितलं, तेव्हा त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि प्यायला पाणी दिलं.

मी येऊ का म्हणून फोन केला तर भाऊजी लगेच म्हणाले, "ये की छोटी. तिची जागा रिकामीच आहे."

सकाळी सगळ्या गाड्या एका मोकळ्या मैदानात जमल्या होत्या. स्वच्छ ऊन, पॉलिशचा वास, बॉनेट उघडून आत डोकी घालून उभी असलेली माणसं. क्लबचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. त्यांनी माझा हात हातात घेऊन "फार वाईट झालं" म्हटलं, आणि तेवढ्या दमात भाऊजींच्या गाडीच्या नव्या रंगाचं कौतुक केलं. अध्यक्षीणबाईंनी मला डोळ्यांनी आपादमस्तक न्याहाळलं. ताईचं नाव कोणी काढलं नाही. जणू ती न सांगता-सवरता क्लब सोडून गेली होती.

माळावर फोन लागत नाहीत, म्हणून प्रत्येक गाडीत वॉकीटॉकी होता. भाऊजींच्या गाडीत दोन. एक स्टिअरिंगशेजारी पक्का बसवलेला, दुसरा हातात धरायचा, माझ्या सीटसमोर आकड्याला अडकवलेला.

"हा नवा दिसतो," मी म्हटलं.

"जुना हरवला," भाऊजी म्हणाले आणि गाडी सुरू केली.

घाट चढेपर्यंत ते मजेत होते. गाडीच्या इंजिनाबद्दल बोलले, नव्या टायरांबद्दल बोलले. मग आपणहूनच म्हणाले, "तुझी ताई फार बडबडायची. वळण आलं की सांगायची, गाय आली की सांगायची. जसा काही मी आंधळाच."

"तुम्ही ऐकायचात का?"

"ऐकलं असतं तर वेडा झालो असतो," ते हसून म्हणाले. मी हसले नाही, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

माळ लागला. मी आयुष्यात इतकी मोकळी जागा पाहिली नव्हती. एक झाड नाही, एक घर नाही. जांभळ्या फुलांची गुडघाभर झुडपं, पिवळं पडलेलं गवत, आणि मधूनमधून काळं पाणी, नुसतं उभं. वरवर पाहिलं तर कोणी तिथे चटई टाकून जेवायला बसेल. भाऊजींनी बोट दाखवून सांगितलं, "ते हिरवंगार दिसतं ना, तिथे पाय टाकायचा नाही. म्हैस गिळून वर गवत उगवतं. वाट चुकलेली कितीतरी माणसं आहेत तिथे."

"ताईला माहीत होतं हे?"

त्यांनी गिअर बदलला.

धुकं आलं ते वरून नाही आलं. जमिनीतून आलं, दूध उतू जावं तसं. आधी झुडपं बुडाली, मग रस्त्याच्या कडा, मग आमच्या पुढची गाडी. भाऊजींनी दिवे लावले, वेग कमी केला. थांबून थांबून एखाद्या गाडीवाल्याचा आवाज वॉकीटॉकीवर यायचा, "सावकाश रे," "अंतर ठेवा," आणि पुन्हा खरखर. काचा बंद होत्या तरी आत ओल्या लोकरीसारखा वास यायला लागला. कपाटात तशाच ठेवून विसरलेल्या स्वेटरचा वास.

मग त्या खरखरीतून एक बाई बोलली.

"झाडूगाडी… झाडूगाडी… मी दगडापाशी उभी आहे. कोणी ऐकतंय का?"

कान हे माझं काम आहे, मी सांगितलंच. लहानपणापासून ताई 'ड' जरा घोळवून म्हणायची. झाडूगाडी. दगडापाशी. त्यात चूक होणं शक्यच नव्हतं.

भाऊजींनी रस्त्यावरची नजर न हलवता हात पुढे केला आणि आवाज बारीक केला. घाई नाही, दचकणं नाही. नको ते गाणं लागलं की माणूस रेडिओ बारीक करतो ना, तसा.

"कोण होतं?" मी विचारलं.

"कोण असणार? खरखर आहे."

"भाऊजी, ताई होती ती."

तेव्हा मात्र त्यांचा पाय ब्रेकवर गेला. गाडी थांबली. समोर, धुक्यात, दोन रस्ते फुटत होते आणि फाट्यावर पुरुषभर उंचीचा एक उभा दगड होता. कधीकाळी वाटसरूंसाठी रोवलेला असावा. मी त्याच्याकडे पाहिलं, भाऊजींकडे पाहिलं. त्यांच्या ओठांवर घाम होता.

"हाच का तो दगड?"

"छोटी, उतरू नकोस." त्या माणसाला कधी विनवणी करताना मी ऐकलं नव्हतं. "हे बघ… नको उतरूस. आपण पुढे जाऊ. दीपगृहापाशी बोलू."

मी आकड्याचा वॉकीटॉकी काढून घेतला आणि उतरले.

दगड मला वाटला त्यापेक्षा लांब होता. मी हात लावला; गार, ओला. मागे इंजिनाची घरघर चालूच होती. "ताई," मी हळूच हाक मारली. माझीच मला लाज वाटली. चांगली शिकलेली, नोकरी करणारी बाई मी.

तेव्हा पावलं ऐकू आली. रस्त्याच्या बाहेरून, डावीकडून, चिखलातून. पचक… पचक… अगदी सावकाश, दमलेल्या माणसाची. ती रस्त्यावर आली तशी आवाज बदलला, डांबरावर ओल्या पायांचा झाला. माझ्याकडे आली नाहीत. माझ्या आणि गाडीच्या मधून गेली. मी वळून पाहिलं तर नुसतं पांढरं. मग गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि लागल्याचा.

आणि गाडी निघून गेली.

आधी मला वाटलं, टाकलं मला या माणसाने. मी तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. मग बटण दाबून ओरडले, "भाऊजी, गाडी मागे घ्या! कोणी ऐकतंय का? मी दगडापाशी उभी आहे!"

बोलून गेले, आणि आपण काय बोललो ते माझ्या कानात उशिरा शिरलं.

खरखर झाली. अध्यक्षांचा आवाज आला, "काय हो, मेहुणीबाईंना मागेच सोडलंत की काय?"

त्यावर भाऊजींचा आवाज आला. मघाचा भेदरलेला नाही. सैल, मोकळा. "छे हो, माझ्या शेजारीच बसलीय. चेष्टा करतेय. लक्ष देऊ नका."

कोणीतरी हसलं. मग आणखी कोणीतरी.

मी पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिले. माझं बोलणं पोचलं की नाही कोण जाणे, उत्तर आलं नाही. मग मागून गाड्यांचे दिवे यायला लागले. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात हलवले. पहिली गाडी आली, जरा हळू झाली आणि खड्डा चुकवावा तशी मला चुकवून गेली. दुसरीही तशीच. अध्यक्षांची गाडी तर इतकी जवळून गेली की मी काचेवर थाप मारली. अध्यक्षीणबाईंनी काचेकडे तोंड वळवलं. काचेत बघून त्यांनी कपाळावरचे केस नीट केले. काचेच्या अलीकडे माझं तोंड होतं… हातभर अंतरावर.

मग गाड्या संपल्या. इतकी शांतता मी आमच्या त्या बंद खोलीतही ऐकलेली नाही. तिथे निदान स्वतःचं रक्त वाहताना ऐकू येतं. पाय गार पडले म्हणून खाली पाहिलं, तर पायाखाली डांबर नव्हतं. हिरवं, मऊ गवत होतं, आणि घोट्यापर्यंत पाणी. मी चालले कधी, मला कळलं नव्हतं. मी जागेवरच उभी होते असं मी शपथेवर सांगितलं असतं. दगड मागे राहिला होता, धुक्यात जेमतेम दिसत होता. एक पाय निघेना. बूट आत ठेवूनच पाय ओढला, गुडघ्यांवर रांगत दगड गाठला आणि त्याला मिठी मारून बसले. ताई इथे अशीच बसली असेल का? किती वेळ? की दगडही तिला सापडला नसेल…

दिवे आले. ही गाडी थांबली.

झाडूगाडी मास्तर चालवायचे. शाळेतून निवृत्त झालेले, सौम्य गृहस्थ. शेजारी त्यांची बायको. मास्तर उतरून माझ्यापासून दोन पावलांवर येऊन उभे राहिले आणि डोळे बारीक करून भलतीकडेच बघत म्हणाले, "बाळ, आहेस ना इथे? बोल काहीतरी. तू दिसत नाहीयेस नीट…"

"इथे आहे," मी म्हटलं. तेव्हा त्यांनी चाचपडत माझा दंड धरला.

गाडीत त्यांच्या बायकोने माझ्याभोवती शाल गुंडाळली. मी विचारलं, "मी दिसले नाही तर थांबलात कसे?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"बाई बोलल्या," मास्तरांची बायको अगदी हळू म्हणाली. "तुझी ताई. 'झाडूगाडी, दगडापाशी माझी बहीण आहे. या वेळी तरी थांबा…'"

"या वेळी?"

मास्तरांनी गाडी हळूहळू पुढे काढली. म्हणाले, "गेल्या वर्षीही त्या बोलल्या होत्या. सगळ्यांनी ऐकलं. दगडापाशी उभी आहे, धुकं आहे, मला घेऊन जा. आणि लगेच तुझ्या भाऊजींचा आवाज आला, 'माझ्या शेजारीच बसलीय. चेष्टा करतेय. लक्ष देऊ नका.' आम्ही हसलो गं. त्या पुन्हा बोलल्या, पुन्हा हसलो. दगडापाशी आलो तेव्हा काही दिसलं नाही, आणि आम्ही थांबलोही नाही. कशाला थांबणार? त्या तर शेजारी बसल्या होत्या." त्यांनी हाताने समोरची काच पुसली. "आज तेच वाक्य आलं. शब्द न शब्द तोच."

"पोलिसांना सांगितलंत हे?"

"अध्यक्ष म्हणाले, गेलेलं माणूस परत येत नाही. क्लबचं नाव कशाला…"

त्यांची बायको शालीचं टोक तोंडाला लावून रडत होती. मला तिला समजवावंसं वाटलं नाही.

माळ उतरलो तर खाली लख्ख ऊन. निळा समुद्र, पांढरं दीपगृह, कड्याच्या कठड्याशी ओळीने उभ्या गाड्या. माणसं हातात बशा घेऊन फोटो काढत होती. भाऊजी कठड्याला टेकून उभे होते. ताप उतरलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा हलका, धुतलेला दिसत होता. मी एका पायात बूट नसलेली, चिखलाने माखलेली, मास्तरांच्या गाडीतून उतरले, आणि भाऊजींच्या हातातली बशी खाली पडली.

"तू इकडून कशी?"

"माळावरून. तुम्ही सोडलंत तिथून."

"मी? अगं, तू आलीस ना माझ्याबरोबर! दगडापाशी उतरलीस, लगेच परत येऊन बसलीस. आत्ता गाडीत झोपलीयस. मीच माझा कोट घातला तुझ्या अंगावर…"

"हो की," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "मी बघितलं ना इथे आल्या आल्या. काचेला डोकं टेकून…" आणि माझे पाय बघून त्या मागे सरल्या.

सगळे गाडीकडे वळले. डाव्या सीटवर कोट होता, सपाट पडलेला. कोटावरून सीटचा पट्टा नीट लावलेला होता.

भाऊजी बोलायला लागले ते कोणाशी, कळेना. "मी सगळं सांगितलं तुला वाटेत. रडलो तुझ्यापुढे. भांडण झालं, मी म्हटलं उतर, चालत ये. ती वॉकीटॉकीवर बोलायला लागली, मला लाज वाटली सगळ्यांसमोर, म्हणून तसं म्हटलं. परत जाणारच होतो मी. थोड्या वेळाने जाणारच होतो… तू एक शब्द बोलली नाहीस. नुसता माझा हात धरलास."

"आणि?"

"शेवटी म्हणालीस, 'असू दे. पुढच्या वर्षीही न्याल ना?'" त्यांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. "मी हो म्हटलं."

हे सगळं भर उन्हात, सगळ्या क्लबसमोर झालं. आणि तरी मी पोलिसांकडे गेले तेव्हा कोणीही काही ऐकलेलं नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, समुद्राचा वारा फार होता. कोणी म्हणालं, आम्ही फोटो काढत होतो. मी इतकी वर्षं कान तपासते, पण असं एकगठ्ठा बहिरेपण माझ्या पाहण्यात नाही. एकट्या मास्तरांनी जबाब दिला. त्यांच्या वयाकडे बघून तो बाजूला ठेवण्यात आला. भाऊजींना कोणी हातही लावला नाही. क्लबने पुढल्या वर्षीपासून रस्ता बदलायचा ठराव केला, आणि संपलं.

आईला मात्र मी सगळं सांगितलं. तिने गुडघ्यांना लावायच्या तेलाची बाटली बंद केली. मग म्हणाली, "त्याचा हात धरला तिनं?"

"हो."

"तुझा नाही धरला?"

"नाही."

"बरं झालं," आई म्हणाली, आणि मग रडायला लागली. ताई गेल्यापासून पहिल्यांदा.

ताईचे कपडे तेवढे भाऊजींच्या घरी राहिले होते. आणायचं मी टाळत होते, पण आईने लकडा लावला, तेव्हा वर्ष उलटता उलटता एका सकाळी गेले. ती सहलीचीच सकाळ आहे, हे फाटकाशी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नाही. भाऊजी अंगणात होते. पार वाळले होते, कपडे खुंटीवर टांगल्यासारखे दिसत होते. गाडी धुऊन पुसून उभी होती. क्लबची सहल आता दुसरीकडे जाते. भाऊजी एकटेच माळाकडे निघाले होते.

मी हाक मारणार होते. तेवढ्यात त्यांनी पुढचं डावं दार उघडलं आणि अदबीने बाजूला झाले. ताईसाठी त्यांनी जन्मात कधी दार उघडल्याचं मला आठवत नाही. क्षणभर काही झालं नाही. मग गाडी डाव्या अंगाला हलकेच खचली, कोणी आत टेकल्यावर खचते तशी. त्यांनी दार लावून घेतलं.

मग त्यांनी मागचं दार उघडलं आणि तिथेही तसेच उभे राहिले. मान खाली घालून.

गाडी मागे खचली. मी फाटकाची कडी घट्ट धरली होती. वाटलं, आता ते दार लावतील.

त्यांनी लावलं नाही. गाडी पुन्हा खचली. मग आणखी थोडी. चाकांवरचा पत्रा टायरांना टेकला तरी भाऊजी दार धरून उभेच होते, आणि आत अजून कोणीतरी चढतच होतं.